ईएल८४ च्या छोट्या गिटार अ‍ॅम्पसाठी ट्रान्सफॉर्मर निवडताना

एकच ईएल८४ (स्पीकर चालवणारी पॉवर ट्यूब) आणि एक १२एएक्स७ (आधी सिग्नल वाढवणारी छोटी ट्यूब) असा अ‍ॅम्प बांधत असाल, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला) 'सिंगल एंडेड'च, म्हणजे एकाच पॉवर ट्यूबसाठीचा घ्या. त्याच्या कोअरमध्ये कागदाएवढी फट ठेवलेली असते. पुश-पुलच्या (पॉवर ट्यूबच्या जोडीसाठीच्या) ट्रान्सफॉर्मरमध्ये ती नसते, त्यामुळे ट्यूबचा सुमारे ४८ मिलिअँपिअर डीसी त्याचा कोअर सॅच्युरेट करतो, म्हणजे चुंबकीय क्षमतेच्या टोकाला नेतो, आणि खर्जाच्या तारांचा आवाज फाटतो. प्रायमरी (ट्यूबकडची बाजू) ५ किलोओहम, सेकंडरी (स्पीकरकडची बाजू) ८ ओहम, म्हणजे वेढ्यांचं गुणोत्तर २५:१. खूण नसलेला ट्रान्सफॉर्मर हाती आला, तर प्रायमरीला १२ व्होल्ट एसी द्या, सेकंडरीवर ०.४८ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. उलट बाजूने, म्हणजे सेकंडरीला १२ व्होल्ट देऊन तपासू नका, तीनशेच्या आसपास व्होल्ट अंगावर येतील.

पॉवर ट्रान्सफॉर्मरचं हीटर वाइंडिंग (ट्यूब तापवणारं) ६.३ व्होल्टचं. गरज १.०६ अँपिअरची, पण २ चंच घ्या, नाहीतर तो तापत राहतो. एचटीला (ट्यूबच्या प्लेटसाठीच्या उच्च व्होल्टेजच्या वाइंडिंगला) २२० व्होल्ट पुरे: डायोडनंतर ते ३१० च्या आसपास जातं, लोडवर उतरतं. ईएल८४ च्या प्लेटची मर्यादा ३०० व्होल्ट आहे. फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचे, आणि पहिल्या कपॅसिटरवर २२० किलोओहम, १ वॉटचा ब्लीडर (अ‍ॅम्प बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) हवाच.

स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचं इन्सुलेशन फुटू शकतं.