अर्धस्वयंचलित पिस्तुलासाठी काडतुसांचा लॉट कसा पारखावा

अमेरिकेत पुष्कळ नेमबाज रिकाम्या पुंगळ्यांत नवी दारू आणि नवी गोळी बसवून आपल्या रायफलीला मानवेल असे काडतूस घरीच तयार करतात. मुंबईतल्या नेमबाजाला ती वाट दोन कारणांनी बंद आहे. पहिले म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. दुसरे असे की, २५ मीटरच्या स्पर्धांत वापरले जाणारे पॉइंट टू-टूचे (०.२२ इंची) काडतूस पुन्हा भरण्याजोगे नसतेच. त्याचे पेट घेणारे रसायन पुंगळीच्या तळाच्या पोकळ कडेत पसरवलेले असते आणि स्ट्रायकरच्या, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या टोकाच्या, घावाने ती कडा एकदा चेपली की पुंगळीचे काम संपते. आपल्या हातात उरते ती निवड. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांतही दारूची खेप किंवा रसायनाची मात्रा लॉटगणिक, म्हणजे एका वेळी बनलेल्या गठ्ठ्यागणिक, किंचित बदलते, आणि तो लॉट क्रमांक ५० काडतुसांच्या प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो.

काय शोधायचे आहे, हे आधी ठरवावे. ५० मीटर रायफलीच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणूनच रायफलवाले आपली नळी घेऊन थेट उत्पादकाच्या चाचणी बोगद्यापर्यंत जातात आणि तिथे लॉटमागून लॉट तपासून घेतात. २५ मीटर पिस्तुलाच्या अचूकतेच्या फेरीत दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे आणि जलद फेरीत १०० मिलिमीटरचे असते. चांगल्या प्रतीचा जवळपास कोणताही लॉट या वर्तुळात सहज मावतो. न मावणारी गोष्ट म्हणजे जॅम. रॅपिड फायरमध्ये ४ सेकंदांत ५ टार्गेटांवर ५ गोळ्या सोडायच्या असताना पुंगळी अडकली, तर त्या क्षणी चार मिलिमीटरने घट्ट असलेल्या ग्रुपचा, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांच्या पुंजक्याचा, काहीही उपयोग नसतो. माझ्या मते पिस्तुलाच्या लॉटचा पहिला निकष अचूकता नसून विनातक्रार चालणे हा आहे, आणि चाचणीतली बहुतेक काडतुसे त्यावरच खर्च करावीत.

बिघाड कसा होतो, हे समजल्याशिवाय त्याची नोंद नीट होत नाही. या पिस्तुलांत बोल्टला, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला, कुलूप नसते. दारूच्या दाबाने रिकामी पुंगळी मागे रेटली जाते, ती बोल्टला ढकलते, एक्स्ट्रॅक्टर नावाचा आकडा तिला नळीतून ओढतो, इजेक्टर तिला बाहेर भिरकावतो आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना बोल्ट मॅगझिनमधले पुढचे काडतूस उचलतो. बोल्टचे वजन आणि स्प्रिंगचा ताण ठरलेला असल्याने काडतूस थोडे जरी अशक्त निघाले तरी बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी खिडकीत चिमणीसारखी उभी अडकते. आणखी एक बाब फार जण विसरतात. मनगट सैल असेल तर पिस्तूलही बोल्टबरोबर मागे सरकते आणि बोल्टचा प्रत्यक्ष प्रवास तेवढा कमी होतो. त्यामुळे ग्रुप वाळूच्या पिशवीवर टेकवून घ्यावा, पण चालण्याची चाचणी मात्र स्पर्धेत धरतो तशी, एका हातानेच करावी.

सुरुवात स्वच्छ पिस्तुलाने करावी. नळी आणि चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) पुसून घ्यावेत, मॅगझिनांवर रंगाने १, २, ३ असे आकडे घालावेत आणि वहीत तारीख, लॉट क्रमांक, मॅगझिन क्रमांक, झाडलेल्या गोळ्या व बिघाडाचा प्रकार असे रकाने आखावेत. गोळ्यांवरचे मेण किंवा ग्रीस प्रत्येक प्रकारात वेगळे असते. म्हणून लॉट बदलला की पहिल्या १० गोळ्या हिशेबात धरू नयेत. नंतर प्रत्येक लॉटचे पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप घ्यावेत आणि दोन सर्वांत दूरच्या छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर व्हर्नियरने मोजून त्यातून गोळीचा व्यास, म्हणजे ५.६ मिलिमीटर, वजा करावा. एखादा लॉट ४० मिलिमीटरच्या वर पसरत असेल तर तो तिथेच बाजूला ठेवावा. बाकीच्यांत पाच-सात मिलिमीटरचा फरक दिसला तर त्यावरून क्रम लावू नये, कारण चार ग्रुपांत तेवढा फरक योगायोगानेही पडतो.

क्रोनोग्राफचा, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा, आग्रह पुष्कळांना असतो. सेकंदाला ३०० मीटर वेगाची गोळी २५ मीटर जाईपर्यंत सुमारे ३५ मिलिमीटर खाली येते. वेग १० मीटरने घटला तर त्यात जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची भर पडते. अचूकतेसाठी त्याची चिंता पिस्तूलवाल्याने करू नये. मात्र यंत्र मिळत असेल तर सरासरी अवश्य पाहावी, कारण इतरांपेक्षा स्पष्टपणे हळू असलेला लॉट पुढे बोल्टला दगा देण्याची शक्यता जास्त असते.

किती गोळ्या झाडाव्यात, याचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा एखाद्या लॉटमध्ये शंभरात एक काडतूस बिघडणारे आहे. एक खोका, म्हणजे ५० गोळ्या, झाडल्यावर एकही बिघाड न दिसण्याची शक्यता तब्बल ६० टक्के असते. ३०० गोळ्या झाडल्या तर तीच शक्यता ५ टक्क्यांवर येते. “एक खोका मारला, छान चालला” हे रेंजवरचे नेहमीचे वाक्य म्हणूनच फारसे काही सांगत नाही. परवान्यावरची मर्यादा आणि खिसा पाहता ३०० काडतुसे एकदम खर्च करणे जिवावर येते, हे खरे. पण ती महिनाभराच्या जलद फेरीच्या सरावात विभागली, तर वेगळा खर्च होत नाही, फक्त वही नेटाने लिहावी लागते.

बिघाड झाला की प्रथम सुरक्षितता. चाप दाबूनही आवाज झाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबावे, मग मॅगझिन काढून बोल्ट उघडावा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि टार्गेटवर छिद्र नसेल, तर गोळी नळीत अडकली असे समजून पुढची गोळी मुळीच झाडू नये. हात वर करून रेंज अधिकाऱ्याला बोलवावे आणि नळीत आरपार दिसत असल्याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. मिसफायर झालेल्या काडतुसाची कडा उजेडात पाहावी. घाव खोल आणि स्पष्ट असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. उथळ असेल तर स्ट्रायकरची स्प्रिंग थकलेली आहे किंवा काडतूस चेंबरात पूर्ण बसलेले नव्हते.

काडतूस चेंबरात पूर्ण न बसण्याच्या या शक्यतेने मला एका जुलैत चांगलेच फसवले. वरळीला सकाळच्या सत्रात एका नव्या लॉटचे काडतूस पाठोपाठ तीनदा अडकले आणि मी वहीत त्या लॉटपुढे लाल फुली मारूनही मोकळा झालो. प्रशिक्षकांनी विचारले, “मॅगझिन कोणतं होतं?” तिन्ही वेळा दोन नंबरचे होते. त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, किंचित फाकले होते आणि चेंबरच्या तोंडाशी मेण, काजळी व टॉवेलचे तंतू यांचे करड्या रंगाचे कडे साचले होते; टूथपिकने ते अखंड निघून आले. चेंबर पुसून, मॅगझिन बदलून त्याच लॉटच्या पुढच्या दीडशे गोळ्या एकदाही न अडखळता गेल्या. म्हणून बिघाडांची बेरीज लॉटवार करावी, तशी मॅगझिनवारही करावी.

मुंबईच्या हवेचा वेगळा विचार करावा लागतो. मे महिन्यात मेण मऊ पडते आणि खिशातल्या सुट्या काडतुसांना धागे व धूळ चिकटते, म्हणून काडतुसे खोक्यातून थेट मॅगझिनमध्ये जावीत. उन्हात उभ्या गाडीत तर ती ठेवूच नयेत. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि घरी आल्याबरोबर पिस्तुलावरून तेलाचा हलका हात फिरवावा. समुद्राकाठच्या रेंजवर ही कुचराई दोन दिवसांत तांबूस ठिपक्यांच्या रूपाने दिसते. डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे हवेतच. शेजारच्या लेनमधल्या पुंगळ्या अंगावर येतात. हातांना शिसे लागलेले असते, तेव्हा साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नये.

निवडलेल्या लॉटची शक्य तेवढी काडतुसे एकाच वेळी घ्यावीत, कारण तो क्रमांक पुढच्या खेपेत मिळेलच असे नाही. त्यातली स्पर्धेपुरती वेगळी काढून डब्यावर लॉट क्रमांक व चाचणीची तारीख चिकटवावी, आणि ऑक्टोबरात, पावसाळ्याचा मुक्काम काढलेल्या त्याच डब्यातले एक खोके पुन्हा एक नंबरच्या मॅगझिनमधून झाडून पाहावे.