पीआर कार्ड आहे म्हणून लगेच तिकीट काढू नका

टोरांटोच्या पार्कडेल भागात मी विमानाच्या तिकिटांचं काम करते. इथे तिबेटी लोकांची वस्ती एवढी आहे की या भागाला 'लिटल तिबेट'च म्हणतात. मी मूळची अर्जुनी मोरगावची, गोंदिया जिल्ह्यातली. आमच्याच तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. त्यामुळे माझ्या काउंटरवर येणाऱ्यांपैकी निर्वासित म्हणून पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, मिळालेले काही जण थेट आमच्याकडच्या बोलीत विचारतात, "ताई, पीआर कार्ड आहे ना मायाजवळ, मग आईले भेटाले काहून नाही जाता येत?"

जाता येतं. पण कोणत्या पुस्तकावर (पासपोर्ट की निर्वासितांचं प्रवासाचं पुस्तक), कोणत्या देशात आणि मधे कुठे थांबून, हे आधी ठरवावं लागतं. तिकीट सगळ्यात शेवटी.

हे मराठीत लिहायचं कारण म्हणजे कॅनडातली आपली माणसं निर्वासितांच्या अगदी शेजारी राहतात. कुणी पाच जणांचा गट करून एखादं अफगाण कुटुंब स्पॉन्सर केलंय, कुणाची मैत्रीण इराणी आहे, कुणाच्या कारखान्यात स्कारबरोचे श्रीलंकन तमिळ सहकारी आहेत. ती मंडळी आपल्याला विचारतात आणि आपण प्रेमाने सांगतो, "आता पीआर झाला ना, जा बिनधास्त." तुमच्या-माझ्यासाठी ते खरं आहे. आपला पीआर शिक्षण, नोकरी आणि पॉइंट्सवर मिळालेला. भारतीय पासपोर्टवर आपण कितीदाही पुण्याला जाऊन आलो तरी कॅनडा फक्त पाच वर्षांतले इथे काढलेले ७३० दिवस मोजतो. ज्यांना निर्वासित म्हणून पीआर मिळाला त्यांच्यावर ही दिवसांची अट आहेच, शिवाय आणखी एक धोका आहे. तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो.

मी वकील नाही. पण तिकीट काढायच्या आधी जे विचारायला हवं ते मी रोज विचारते, तेच इथे सांगते.

पहिला प्रश्न: पीआर कोणत्या मार्गाने मिळाला? इथे येऊन आश्रय मागितला, निर्वासितांचे दावे ठरवणाऱ्या बोर्डाने मान्य केला आणि मग पीआर झाला? की बाहेरून निर्वासित म्हणून आणलं गेलं? की नवऱ्याने किंवा बायकोने नंतर फॅमिली स्पॉन्सरशिपवर बोलावलं? एकाच घरात तिघांची तीन उत्तरं असू शकतात. शेवटच्या प्रकारात माणूस स्वतः निर्वासित ठरलेला नसतो, त्यामुळे पुढचं बहुतेक त्याला लागू होत नाही. जुनी फाइल काढा, पीआर मिळाल्याच्या कागदावर कॅटेगरी असते ती बघा. बोर्डाच्या निर्णयाचं पत्रही शोधून ठेवा. त्याची गरज पुढे पडणार आहे.

आता मुख्य गोष्ट. इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन अ‍ॅक्टच्या कलम १०८ प्रमाणे, ज्या देशाच्या भीतीने तुम्ही पळून आलात त्याच देशाचं संरक्षण आपखुशीने पुन्हा स्वीकारलंत, तर कॅनडाने दिलेलं संरक्षण काढून घेता येतं. वकील याला 'सेसेशन' म्हणतात. पूर्वी पीआर झालेल्या माणसाला त्याची फार चिंता नव्हती, संरक्षण गेलं तरी पीआर राहायचा. १५ डिसेंबर २०१२ पासून कायदा बदलला आणि संरक्षणाबरोबर पीआरही जाऊ लागला. पीआर होऊन किती वर्षं झाली याला महत्त्व नाही. पंधरा वर्षं इथे घर-संसार असलेल्या माणसावरही संरक्षण काढून घ्यायचा अर्ज होऊ शकतो.

संरक्षण पुन्हा स्वीकारणं म्हणजे नेमकं काय? त्या देशाच्या वकिलातीत जाऊन पासपोर्ट काढला किंवा रिन्यू केला, की संशयाला जागा झाली. त्या पासपोर्टवर प्रवास केला की संशय पक्का होतो. मायदेशी गेलात तर सर्वात वाईट, पण तिसऱ्याच देशात गेलात तरी तुम्ही त्या सरकारच्या कागदावर विसंबून फिरलात असा अर्थ काढला जातो. इराणी गिऱ्हाइकांना मी हे दोनदा सांगते, कारण इराण आपल्या नागरिकाला इराणी पासपोर्टवरच आत घेतो. म्हणजे 'फक्त आठवडाभर आईला बघून येतो' या वाक्यात नवा पासपोर्ट आणि मायदेशाची फेरी दोन्ही आले.

संशय खोडून काढता येतो. २०२२ मध्ये फेडरल कोर्ट ऑफ अपीलने कोलंबियातून आलेल्या एका स्त्रीच्या प्रकरणात बजावलं, की पासपोर्टवरचे शिक्के मोजून निर्णय देऊ नका. परिणामांची तिला खरंच कल्पना होती का, भीती सरकारची होती की दुसऱ्या कुणाची, तिथे गेल्यावर तिने काय काळजी घेतली, कशासाठी गेली, हे सगळं पाहा. चांगला निकाल आहे, माणुसकीला धरून आहे. पण त्याचा उपयोग बोर्डापुढे उभं राहायची वेळ आल्यावर. तिकीट काढताना त्याच्यावर भिस्त ठेवू नका. कारण तिथे हरलात तर नेहमीचं अपील नाही, फक्त फेडरल कोर्टात निर्णय तपासून घ्यायची परवानगी मागायची, तीही १५ दिवसांत. इथे राहू द्यावं म्हणून माणुसकीच्या आधारावरचा अर्ज साधारण वर्षभर करता येत नाही.

एक दिलासा मात्र द्यायला हवा. मायदेशातली परिस्थितीच निवळली म्हणून संरक्षण संपलं, तर त्या एका कारणाने पीआर जात नाही. पीआर जातो तो माणसाच्या स्वतःच्या कृतीमुळे. म्हणून कृती जपून करायची.

मग प्रवास करायचा कशावर? रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंटवर. आमच्याकडे सगळे 'निळं पुस्तक' म्हणतात. १९५१ च्या जिनिव्हा कराराच्या २८व्या कलमाप्रमाणे निर्वासिताला असा कागद देणं हे आश्रय देणाऱ्या देशाचं काम आहे. कॅनडा हे पुस्तक पासपोर्ट खात्यातून देतो आणि पीआर झालेल्या निर्वासितालाही ते मिळतं. प्रौढांसाठी अर्जाचा नमुना पीपीटीसी १९० आहे. फोटो, गॅरंटर, ओळखीच्या व्यक्तींची नावं हे सगळं पासपोर्टसारखंच. यासारखंच एक करड्या रंगाचं पुस्तक असतं, सर्टिफिकेट ऑफ आयडेंटिटी. ते वेगळ्या लोकांसाठी आहे. निर्वासित ठरलेल्याने निळंच मागावं. निळ्या पुस्तकावर जगभर जाता येतं, ज्या देशातून पळून आलात तो देश सोडून.

निळं पुस्तक हातात आलं की लोक पीआर कार्ड घरी ठेवून निघू पाहतात. तसं करू नका. परत येताना विमान कंपनी पीआर कार्डच मागते. दोन्ही एकत्र न्या आणि दोन्हींची मुदत परतीच्या तारखेच्या पुष्कळ पुढची हवी. पीआर कार्डाचे नऊ महिन्यांपेक्षा कमी दिवस उरले असतील तर नव्या कार्डासाठी अर्ज करून, ते हातात घेऊनच निघा. बाहेर असताना कार्ड हरवलं तर कॅनडाच्या व्हिसा ऑफिसकडून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट घ्यावं लागतं. त्यात किती दिवस जातील याचा नेम नसतो, तोवर इथली नोकरी थांबत नाही. जायच्या आधी दोन्हींच्या प्रत्येक पानाचे फोटो काढून घरच्या माणसाकडे ठेवा.

नावांकडे माझं फार लक्ष असतं. तिबेटी लोकांत एकच नाव असणारे पुष्कळ, आणि भारतातल्या जुन्या कागदांवरची जन्मतारीख इथल्या कागदांशी जुळत नाही. तिकिटावरचं नाव निळ्या पुस्तकातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. एकच नाव असेल तर बुकिंगमध्ये ते कसं भरायचं याची पद्धत विमान कंपनीगणिक वेगळी आहे, ती एजंटकडून लेखी घ्या. ऑनलाइन चेक-इनमध्ये राष्ट्रीयत्व विचारतात तिथेही लोक अडतात. सवयीने 'कॅनडा' निवडतात किंवा घाबरून मायदेश. निर्वासितांच्या पुस्तकासाठी आंतरराष्ट्रीय कोड आहे, एक्सएक्सबी. पुस्तकाच्या माहितीच्या पानावर जे छापलंय तेच भरायचं. यादीत सापडलं नाही तर ऑनलाइनचा नाद सोडा आणि विमानतळावर चार तास आधी पोहोचा. काउंटरवरचा माणूस टायमॅटिक नावाच्या यंत्रणेत नियम बघतो. त्यात 'व्हिसा हवा' असं दिसलं आणि तुमच्याकडे तो नसला, तर कितीही विनवण्या केल्या तरी बोर्डिंग पास मिळत नाही.

आणि तिथे निघतो तो घोळ बहुतेकदा ट्रान्झिटचा असतो. मी स्वस्त तिकीट दाखवते तेव्हा गिऱ्हाईक खूश होतं, पण त्यात न्यूअर्क किंवा शिकागो असेल तर मी ते लगेच बाजूला ठेवते. अमेरिकेत विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे व्हिसा हवाच. कॅनडाचा पीआर तिथे उपयोगी पडत नाही. युरोपात तर देशागणिक फरक: एका देशाला या पुस्तकावर व्हिसा लागत नाही, शेजारच्याला लागतो. म्हणून टोरांटोहून दिल्लीला थेट विमान मिळत असेल तर शंभर-दोनशे डॉलर जास्त गेले तरी तेच घ्या, असं मी सांगते. यात माझं कमिशन वाढत नाही. रात्री अडीच वाजता परक्या विमानतळावरून येणारा फोन वाचतो, आणि तो फोन करणाऱ्याची जी अवस्था झालेली असते ती कुणाचीच होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता भारतात जाणाऱ्यांसाठी. कॅनेडियन पासपोर्टवाल्या मुलांचं बघून आईवडिलांचा अंदाज बांधू नका. भारताचा ई-व्हिसा अशा ट्रॅव्हल डॉक्युमेंटवर मिळत नाही. नेहमीचा, पुस्तकात चिकटवलेला व्हिसा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. लग्नाची तारीख ठरली की आधी व्हिसाचा अर्ज. अर्जात पासपोर्टचा नंबर विचारतात तिथे निळ्या पुस्तकाचा नंबर भरायचा.

नॉर्गेलिंग, बैलकुप्पे, मुंडगोड अशा भारतातल्या तिबेटी वसाहतींतून आलेल्यांनी मात्र बोर्डाच्या निर्णयाचं पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय भारताचं तिकीट काढू नये. तुमचा दावा फक्त चीनच्या विरोधात मान्य झाला होता, की निर्णयात भारताचाही विचार झाला होता, यावर सगळं अवलंबून आहे. भारतात १९५० ते जून १९८७ च्या दरम्यान जन्मलेले तिबेटी जन्मानेच भारतीय नागरिक आहेत असं दिल्ली हायकोर्टाने २०१० मध्ये मान्य केलं. त्यानंतर काहींनी भारतीय पासपोर्ट काढले. भारतात राहणाऱ्यासाठी तो हक्क मोठा आहे. पण कॅनडात निर्वासित म्हणून पीआर असलेल्याने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढणं हेही सेसेशनचं कारण होऊ शकतं. भारत सरकारने तिबेटींना दिलेलं जुनं पिवळं आयडेंटिटी सर्टिफिकेट रिन्यू करायचं मनात असेल तर तेही आधी वकिलाला विचारा. भाऊ म्हणतो, चुलत बहिणीने केलं, तिला काही झालं नाही, यावर जाऊ नका.

भारतात उतरल्यावर ज्यांच्या घरी राहाल त्यांना सांगा की परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद २४ तासांत करायची असते, घरगुती पाहुणा असला तरी. शिवाय कर्नाटकातल्या काही तिबेटी वसाहतींत परदेशी माणसाला राहायला केंद्र सरकारची वेगळी परवानगी लागते. तिचा अर्ज निघायच्या बराच आधी करावा.

ज्यांचा मायदेश हाच धोक्याचा देश आहे त्यांना मी विचारते, आई प्रवास करू शकते का? स्कारबरोची तमिळ कुटुंबं जाफन्याला न जाता चेन्नईला भेटतात, आजी तिकडून येते, नातवंडं इकडून. इराणी मंडळी तुर्कस्तानात भेटतात. खर्च दुप्पट होतो, पण पीआरला धक्का लागत नाही. मात्र निळ्या पुस्तकावर, मायदेशाच्या पासपोर्टवर नाही.

आणि ज्यांना थांबणं शक्य आहे त्यांनी नागरिकत्व होईपर्यंत थांबावं, हे मी अगदी आग्रहाने सांगते. पाच वर्षांत १०९५ दिवस इथे राहायचं. पीआरच्या आधी संरक्षित व्यक्ती म्हणून काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. शपथ झाली की सेसेशन लागू होत नाही. मूळ दाव्यातच खोटेपणा निघाला तर गोष्ट वेगळी. दिवस भरले की त्याच आठवड्यात अर्ज करा. काही जण फीचे पैसे साठवत वर्ष घालवतात आणि त्याच वर्षी गावाकडून आजारपणाचा फोन येतो.

पूर्वी मायदेशाच्या पासपोर्टवर जाऊन आला असाल तर घाबरून नवीन काही करू नका. पीआर कार्ड रिन्यू करताना आणि नागरिकत्वाच्या अर्जात प्रवासाच्या तारखा विचारतात. त्या लपवायच्या नाहीत, पण अर्ज पाठवायच्या आधी निर्वासितांची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा. पैसे नसतील तर लीगल एड ऑन्टारिओला फोन करा. का गेलात याचे पुरावे, म्हणजे हॉस्पिटलचे कागद, मृत्यूचा दाखला, तिथे कुठे आणि कसे लपून राहिलात याची माहिती, हे सगळं आत्ताच गोळा करा. पुढे ते मिळत नाहीत. बॉर्डर सर्व्हिसेसकडून मुलाखतीचं पत्र आलं तर एकटे जाऊ नका, आधी वकील गाठा. आणि ते प्रकरण मिटेपर्यंत कॅनडाबाहेर पाऊल टाकू नका, लग्न कितीही जवळचं असलं तरी.