घोडा गव्हाण चावून हवा ओढतो, तेव्हा काय करायचं

घोडा वरचे पुढचे दात गव्हाणीच्या काठावर टेकवतो, मान मागे ओढतो, गळ्याखालचे स्नायू दोरीसारखे ताठ होतात आणि घशातून ‘हुक्’ असा आवाज येतो. काठ चाटतो, की पुन्हा तेच. याला क्रिबिंग म्हणतात. ओढलेल्या हवेतली बहुतेक अन्ननलिकेच्या वरच्या भागात शिरून परत येते, पोटात फार थोडी जाते. त्यामुळे ‘हवा भरून पोट फुगतं’ म्हणून तोंड बांधण्यात अर्थ नाही.

आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण तबेल्यांत तेच जास्त चालतं. आवळलेला गळपट्टा, विजेचा झटका, काठाला मिरची किंवा जळकं इंजिन ऑइल, मानेचे स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया, हे सगळं टाळा. पट्ट्याखाली कातडी सोलवटते, आणि पट्टा काढला की घोडा राहिलेली भर काढल्यासारखा जास्तच क्रिबिंग करतो. म्हणजे ओढ आत तशीच असते, आपण फक्त तिची वाट अडवतो. ऑइल आणि मिरची तर थेट चाटली जाते. क्रिबिंग करणाऱ्या घोड्याला एकटा ठेवणंही चूक. शेजारचा घोडा पाहून शिकतो, या समजुतीला आधार मिळालेला नाही. एका तबेल्यात दोन-तीन घोडे हे करत असतील तर सगळ्यांचा खुराक आणि दिनक्रम एकच आहे, तिथे बघा.

सुरुवात मोजण्यापासून करा. तीन दिवस मोतद्दाराला वही द्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी प्रत्येकी १५ मिनिटं उभं राहून किती वेळा हवा ओढली ते लिहायचं, शिवाय दाणा दिल्यानंतरची १५ मिनिटं वेगळी. बहुतेक वेळा सर्वात मोठा आकडा दाण्यानंतरचाच निघतो. दाण्यात गूळ किंवा मळी असेल तर आणखी मोठा. गोड, चविष्ट खुराक हे क्रिबिंगचं नेहमीचं निमित्त असतं, म्हणून गूळ पहिल्या दिवसापासून बंद.

खरं काम चाऱ्याचं आहे. मोकळा घोडा दिवसाचे १६ तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, पण ते सौम्य करणारी लाळ फक्त चावतानाच सुटते. दोन वेळा दाणा आणि मूठभर गवत मिळालं की जठर तासन् तास रिकामं राहतं, आतून सोलवटतं. क्रिबिंग करणाऱ्या शिंगरांच्या जठरात अशा जखमा जास्त आढळल्या आहेत.

हिशेब ४०० किलोच्या घोड्याचा धरू. त्याला रोज सुमारे ९ किलो वाळलं गवत लागतं. सकाळी साडेपाचला २ किलो, अकराला २, चारला २ आणि रात्री नऊला ३. रात्रीचा वाटा मोठा, कारण पुढचा खंड सर्वात लांब. गवत ३ ते ४ सेंटिमीटर भोकांच्या जाळीत भरलं की तेवढंच जास्त वेळ पुरतं. नाल मारलेल्या घोड्याची जाळी रिकामी होऊन लोंबली तरी खूर अडकणार नाही इतकी उंच बांधा. १ किलो गवताच्या जागी ४-५ किलो हिरवा लसूणघास देता येतो. त्यातलं कॅल्शियम आम्लाला आवर घालतं. पावसाळ्यात मात्र गवताची गाठ उघडून वास घ्या, बुरशीचा दर्प असेल तर ते अजिबात देऊ नका. ज्वारीचा कोवळा चाराही नको.

दाणा कमी करा. एका वेळी ओट पाऊण किलोच्या वर नको, म्हणजे पिष्ट मर्यादेत राहतं. आधी गवत, अर्ध्या तासाने दाणा. वजन उतरत असेल तर दाणा वाढवण्याऐवजी तेल द्या: ५० मिलिलिटरपासून सुरू करून दोन आठवड्यांत २०० मिलिलिटरपर्यंत. खुराकातला प्रत्येक बदल ७ ते १० दिवसांत हळूहळू, नाहीतर पोटशूळ ओढवून घ्याल.

शर्यतीतून निवृत्त होऊन पुण्या-मुंबईच्या रायडिंग स्कूलमध्ये आलेल्या थरोब्रेडांत हा प्रकार जास्त दिसतो. या जातीत तो मुळातच जास्त आहे. त्यांना रोज काही तास दुसऱ्या घोड्याबरोबर मोकळं सोडा. कुंपणाचा वाडा लहान असला तरी चालेल, पण शेजाऱ्याच्या मानेला मान लावता आली पाहिजे.

इतकं करूनही जुना घोडा पूर्ण थांबेलच असं नाही. निम्म्यावर आला तरी ते यश माना, आणि उरलेल्यासाठी त्याला सुरक्षित जागा द्या. १० सेंटिमीटर जाडीचा, मीटरभर लांबीचा वासा त्याच्या छातीच्या उंचीवर दोन खांबांना आरपार बोल्टने बसवा. त्यावर कापडी थराचा जाड कन्व्हेयर बेल्ट गुंडाळून स्क्रू खालच्या बाजूने मारा. जुना टायर वापरू नका, त्यातल्या पोलादी तारा हिरड्यांत घुसतात. ट्यूबचं पातळ रबर तुकडे होऊन पोटात जातं. जुना ऑइलपेंट खरवडून काढा, त्यात शिसं असू शकतं. दर आठवड्याला बेल्ट चाचपून पाहा, तुकडा सुटत असेल तर बदला. चावायला हा वासा मिळाला की घोडा गव्हाणीचा लोखंडी काठ बहुधा सोडतो आणि वरचे दात झिजणं मंदावतं.

दात वर्षातून दोनदा तपासून घ्या. क्रिबिंग अचानक सुरू झालं किंवा वाढलं तर पशुवैद्याकडून जठराची दुर्बीण तपासणी करून घेणं चांगलं. जठरातलं आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल दिलं तर ते घोड्यासाठीचंच हवं. माणसांच्या कॅप्सूलमधले दाणे कुटून दिले की औषधाचा बराच भाग जठरातल्या आम्लातच नष्ट होतो. क्रिबिंग करणाऱ्या घोड्यांत आतडं पोटातल्या एका अरुंद फटीत अडकण्याचा धोका जास्त असतो. घोडा कुशीकडे वळून पाहतो, खुराने जमीन उकरतो, लीद थांबते, तेव्हा ‘थोडं बघू’ म्हणत थांबू नका. लगेच फोन करा, चारा काढून घ्या.

शिंगरांच्या बाबतीत मात्र वेळ आपल्या हातात असते. ही सवय अनेकदा पाच महिन्यांच्या आसपास, दूध तोडल्यानंतर लागते, आणि त्या वेळी भरपूर दाणा सुरू केला की धोका कित्येक पटींनी वाढतो. दूध तोडताना शिंगराला बंद खोलीत एकटं कोंडू नका. ओळखीच्या घोडीबरोबर आणि इतर शिंगरांबरोबर वाड्यात ठेवा, गवत चोवीस तास समोर असू द्या, आणि दाणा वाढीला लागेल तेवढाच, मुठी-मुठीने वाढवा.