गाइड घेण्याआधी हे करा

सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आली की सोलापुरात कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत ‘इम्पॉर्टंट प्रश्न’ मिळायला लागतात. ते घ्या हवं तर, पण त्याआधी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या प्रश्नपत्रिका मागा.

मग अभ्यासक्रमातल्या प्रत्येक मुद्द्यासमोर तो कधी विचारला ते पेन्सिलीने लिहायचं: ‘एप्रिल २४, १० गुण’, ‘नोव्हेंबर २४, टीप’. एका बैठकीत चित्र दिसतं. काही मुद्दे दरवेळी येतात, काहींकडे पेपर काढणारा बघतही नाही. अर्थात, नवीन शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम बदलले आहेत. वर्ष न बघता जुना पेपर पाठ केला तर फुकटची मेहनत. मुद्दा आजच्या अभ्यासक्रमात नसेल तर सरळ काट मारा.

अडलेल्या मुद्द्यासाठी लगेच क्लास लावायची गरज नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्याख्याने फुकट बघता येतात, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. त्याचे क्रेडिट धरणार का, हे मात्र नाव नोंदवण्याआधीच विभागात विचारा. एम.ए., एम.कॉम.वाल्यांनी ‘ई-पीजी पाठशाला’ ही पदव्युत्तर विषयांच्या धड्यांची वेबसाइट बघावी. इंग्रजी जड जातं म्हणून ती टाळू नका; आधी मराठी पुस्तकातून विषय समजून घ्या, मग तिकडे वळा.

आणि उत्तरं लिहून बघा, घड्याळ लावून. नुसतं वाचून हात चालत नाही.