मणी गरम पाण्यात टाकण्याआधी: थर्मोप्लास्टिकच्या कामाची तयारी

ज्या घरात उकडीचे मोदक वळले जातात, त्या घरातल्या हातांना हे काम अर्धं आधीच येतं. उकड गरम असतानाच मळायची, हात पाण्यात बुडवत राहायचं आणि पारी होईपर्यंत तिला गार पडू द्यायचं नाही. थर्मोप्लास्टिकच्या, म्हणजे गरम केलं की मऊ आणि गार झालं की टणक होणाऱ्या प्लास्टिकच्या, मण्यांचंही तेच, फक्त वेळ त्याहून कमी. लिंबाएवढ्या गोळ्याला तीन ते पाच मिनिटं मिळतात, पातळ पट्टीला जेमतेम एक. तेवढ्यात कात्री शोधायला उठलात तर गोळा पुन्हा पाण्यात घालावा लागतो. म्हणून यातली बहुतेक तयारी गॅस पेटवण्याआधीची आहे.

आधी मणी ओळखून घ्या. पॉलिमॉर्फ, इन्स्टामॉर्फ, शेपलॉक अशा नावांनी मिळणारे हे साबुदाण्याएवढे पांढरे दाणे म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन. ते सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि म्हणूनच हाताने वळता येतं. नवं पाकीट आलं की दहा-बारा दाणे काढून पाहा. साध्या पाण्यात ते तळाशी बसले पाहिजेत, कारण त्यांची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, १.१४ च्या आसपास असते. ७० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत ते काचेसारखे पारदर्शक होऊन एकमेकांना चिकटले पाहिजेत. दाणे तरंगले, किंवा गरम पाण्यातही पांढरे आणि टणक राहिले, तर पाकिटात दुसरंच प्लास्टिक आहे. त्यावर गॅस वाया घालवू नका.

किती मणी लागतील हे डोळ्याने ठरवू नका. सुट्या मण्यांमध्ये हवा असते, त्यामुळे भरलेली वाटी वितळली की पुष्कळ कमी होते. त्यापेक्षा हवी ती वस्तू आधी कणकेची करा, पातळ पिशवीत हवा काढून घट्ट गुंडाळा आणि मापाच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवा. पाणी जितके मिलिलिटर वर चढेल त्याला १.१५ ने गुणा, तेवढे ग्रॅम मणी. वर पाच-सात ग्रॅम जास्तीचे वितळवा, कारण शेवटी कुठेतरी ठिगळ लावावं लागतंच. कणकेचा हा नमुना टाकून देऊ नका, काम करताना तो समोर असला की हात चाचपडत नाही.

जागा पडवीची उत्तम, पण दिवसा उजेडी. सगळं काम पारदर्शक आणि पांढरा यांतला फरक ओळखण्यावर चालतं आणि पिवळ्या बल्बखाली तो नीट कळत नाही. पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्याच्या घामात हे जिवावर येतं, तरी वाऱ्याने गोळ्याची वरची कातडी आधी गोठते आणि वळताना तिला सुरकुत्या पडतात. समुद्राकडची खिडकीही तेवढा वेळ लावून घ्या. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, म्हणून इलेक्ट्रिक किटली किंवा इंडक्शनवर विसंबू नका. गॅस किंवा चूल हाताशी असू द्या आणि उकळतं पाणी थर्मासमध्ये भरून ठेवा.

भांडी स्टीलची किंवा काचेची घ्या. प्लास्टिकचं घमेलं, पीव्हीसीचा तुकडा किंवा ॲक्रिलिकची पाटी यांना हा गरम गोळा जो चिकटतो तो निघता निघत नाही. एक रुंद टोप, झारा, सांडशी, स्टीलची परात आणि लाटणं एवढं काढा. लाटणं लाकडी असेल तर ओलं करून वापरा. त्याशिवाय गार पाण्याची बादली, जुनी कात्री, दाभण, बारीक कानस, स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणि साबणाचं पाणी. हा संच स्वयंपाकापासून कायमचा वेगळा ठेवा, यातला झारा परत भजी तळायला जाऊ नये.

टोपाच्या बाबतीत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पाणी उकळत ठेवून त्यातच मणी ओतणं. उकळत्या पाण्यात गोळा फार सैल आणि चिकट होतो, तळाला बसतो, आणि बोटांना लागला तर झटकून सुटत नाही, भाजतच राहतो. ६५ ते ७५ अंश पुरतात. थर्मामीटर नसेल तर मापाचा आधार घ्या: उकळतं पाणी तीन भांडी आणि आडाचं साधं पाणी दोन भांडी एकत्र केलं की ७० च्या आसपास येतं. टोप स्वतः थोडी उष्णता खातो, म्हणून त्याला आधी गरम पाण्याने विसळून घ्या. १०० ग्रॅम मण्यांना किमान एक लिटर पाणी हवं, कमी पाणी लगेच निवतं. मणी एका जागी ओतू नका, पसरून टाका. शेवटचा पांढरा ठिपका जाईपर्यंत हात लावायचा नाही. न वितळलेला दाणा गोळ्यात तसाच राहतो, आणि वस्तू मोडते ती बहुधा त्याच्याच कडेने.

झाऱ्याने गोळा काढल्यावर लगेच आकार देऊ नका. त्याच्या पोटात गरम पाणी अडकलेलं असतं. हात गार पाण्यात बुडवा, पाणी निथळा, मग गोळा दुमडून मधून बाहेर दाबत जा, म्हणजे घड्यांतलं पाणी कडेने निघून जाईल. चार-पाच वेळा असं केलं की बुडबुडे उरत नाहीत. टिपायला टॉवेल घेऊ नका, त्याचे धागे गोळ्याला चिकटून कायमचे आत बसतात. मुलं सोबत असतील तर टोप आणि झारा मोठ्यांकडे, आणि गोळा आधी मोठ्यांच्या हातात निवून मग त्यांच्याकडे.

सुरुवातीला कशावर हात बसवावा, तर खुरप्याच्या मुठीवर. झिजून बारीक झालेली लाकडी मूठच गाभा म्हणून वापरता येते. समजा ती ११ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर जाड उरली आहे, आणि हातात भरायला ३ सेंटिमीटर हवी. भोवती अर्धा सेंटिमीटर थर लागेल, तो साधारण ४३ मिलिलिटर होतो, म्हणजे ५० ग्रॅम मणी. हा पदार्थ लाकडाला गोंदासारखा धरत नाही. गार होताना किंचित आकसतो आणि घट्ट बसतो, पण ओढलं तर सरकतो. म्हणून मुठीवर करवतीने चार-पाच खाचा गोल फिरवून पाडा, दोन मिलिमीटर खोल. लाकूड कोरडं हवं, ओल्या लाकडातली वाफ थराखाली फुगे काढते. पात्याला जाड चिंध्या गुंडाळून दोरीने बांधून टाका, मगच पुढचं काम.

परातीत साबणाच्या पाण्याचा हात फिरवा. दोन्ही कडांना पाच मिलिमीटर जाडीच्या बांबूच्या चिपा ठेवून गोळा त्यांच्यामध्ये लाटा, म्हणजे सगळीकडे सारखी जाडी येते. ११ बाय ८ सेंटिमीटरची पोळी झाली की पुरे. ती मुठीभोवती गुंडाळा आणि सांधा दाबा. सांधा जुळवताना दोन्ही कडा पारदर्शक आणि कोरड्या असायलाच हव्यात. एक कड जरी पांढरी झाली असेल किंवा साबणाचा ओशटपणा राहिला असेल, तर सांधा वरून बुजलेला दिसतो आणि आठवड्याभरात नखाने उकलतो. म्हणून गुंडाळण्याआधी पोळी साध्या गरम पाण्यात एकदा बुडवून कडा पुसून घ्या, बोटाने, फडक्याने नको. गुंडाळून झाल्यावर अख्खी मूठ पुन्हा मिनिटभर गरम पाण्यात धरा आणि ओल्या हाताने हलकेच मुठीत घ्या, बोटांचे ठसे आपोआप उमटतात. जोरात आवळलंत तर खालचं लाकूड वर येईल.

मग बादली. वरचा भाग पांढरा झाला म्हणजे आतला झाला असं नसतं, पांढरेपणा बाहेरून आत सरकतो. हा पदार्थ ६० ला वितळतो, पण निवताना ६० ला गोठत नाही, बराच खाली आल्यावर गोठतो. कोकणातल्या उन्हाळ्यात हवाच ३३-३४ अंशांवर असते, तेव्हा नुसतं ठेवून दिलं तर फार वेळ लागतो आणि वस्तू स्वतःच्या वजनाने बसते. गार पाण्यात १५ मिनिटं राहू द्या. भरीव आणि जाड वस्तूंना मध्ये खड्डा पडतो तो याच कारणाने, बाहेरचं कवच गोठल्यावर आतलं आकसतं. जाड काही करायचं असेल तर आत लाकडाचा गाभा घालाच.

साच्यातलं काम वेगळं. कुडाळ-सावंतवाडीकडे दशावतारासाठी मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा सजवायचा असेल, तर मोदकाचा ॲल्युमिनियमचा साचा, काशाची नक्षीची वाटी, लाकडी ठसे, सगळं चालतं. प्लास्टिकचा साचा मात्र नको. धातूचा साचा आधी गरम पाण्यातून काढा. गार धातूला गोळा टेकला की तिथल्या तिथे गोठतो आणि नक्षीच्या जागी वळ्या उठतात. आतून साबणाच्या पाण्याचा पातळ हात द्या. खोबरेल तेलानेही सुटतं, पण त्याचा थर राहतो आणि मग त्यावर दुसरा तुकडा जोडता येत नाही की रंग बसत नाही. मुकुट नाटक संपेपर्यंत डोक्यावर वागवायचा असतो, म्हणून पानं-फुलं दोन मिलिमीटरपेक्षा जाड करू नका. शिवायची भोकं गोळा कोमट असतानाच ओल्या दाभणाने पाडा. गार झाल्यावर ड्रिल लावलं तर घासून भोकाची कड वितळते आणि पातं अडकते. घासायलाही मशीन नको, कानस हळू हळू चालवा.

रंग घालायचा तर कोरडी पूड. कोब्याला वापरतात तो तांबडा ऑक्साइड चांगला उतरतो. ५० ग्रॅमला दोन चिमटी पुरतात. गोळा दाबून त्यातलं पाणी काढल्याशिवाय पूड टाकू नका, नाहीतर तिच्या गुठळ्या होतात. नाक-तोंड बांधून घ्या. पंधरा-वीस वेळा दुमडून मळा, मध्ये एकदा गरम करा. गरम असताना रंग गडद दिसतो, आणि गार होताना मूळचा पांढरेपणा परत येतो तसा तो फिका पडतो. त्यामुळे मूठभर करण्याआधी वाटाण्याएवढा नमुना थंड करून पाहणं फार उपयोगाचं. शेंदूर वापरू नका, त्यात शिसं असू शकतं. वरून रंगवायचं असेल तर बारीक पॉलिश पेपरने खरवडून ॲक्रिलिक रंग द्या. थिनर मात्र जवळ आणू नका, त्यातलं टोल्यूइन हे प्लास्टिक विरघळवतं.

गणपतीच्या मखराला हे मणी खरंच कामी येतात. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे आणि घरोघरी पुन्हा बांबू, पुठ्ठा, कापड आलं आहे. बांबूच्या तीन काठ्या एका कोपऱ्यात जुळवायला सुतळीपेक्षा अशी वळलेली टोपी सुबक दिसते. एका कोपऱ्याला बोटभर जाडीच्या काठ्यांसाठी ३० ते ४० ग्रॅम धरा. काठीचं टोक आधी खरवडा, टोपी कोमट असताना काठी गोल फिरवून बसवा आणि गार झाल्यावर काढा, म्हणजे मखर पुढच्या वर्षी सुटं करता येईल. कोपरे समईपासून आणि आरतीच्या कापरापासून हातभर लांब ठेवा. दिवे एलईडीचेच लावा, हॅलोजनच्या फोकसखाली हा सांधा मऊ पडेल. आणि मूर्तीसाठी या मण्यांचे दागिने केले असतील, तर विसर्जनाआधी ते काढून घ्यायला विसरू नका.

६० अंश हा आकडा वस्तू करतानाच नव्हे, वापरतानाही लक्षात ठेवावा लागतो. चहाच्या किटलीची मूठ, कढईचा कान, पत्र्याच्या छपराखालचा आकडा, उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा मोबाईल-स्टँड, या जागा या मण्यांच्या नाहीत. होडीचं सामान किंवा कायम पाण्यात राहणारी वस्तूही करू नका, कारण माती आणि समुद्रातले सूक्ष्मजीव हे प्लास्टिक हळूहळू खातात. हाडाच्या दुखापतीला दवाखान्यात देतात तो गरम पाण्यात मऊ होणारा स्प्लिंट याच जातीचा असतो, पण तो ठरावीक जाडीच्या पत्र्यापासून जाणकाराच्या हाताने बसवतात. घरी गोळा लाटून मनगटावर गुंडाळू नका. बाहेरून निवलेल्या गोळ्याचा आतला भाग पुष्कळ वेळ गरम असतो, आणि गोठल्यावर आकसून तो रक्त अडवेल.

काम संपलं की टोपातलं पाणी मोरीत ओतू नका. चहाच्या गाळणीतून गाळा. निसटलेले दाणे मोरीच्या नळीत साचतात किंवा परसातून पऱ्याला आणि तिथून खाडीत जातात. गाळणीत राहिलेलं, कात्रीची कातरण, बिघडलेला तुकडा, सगळं पुन्हा वितळतं, पण रंगाप्रमाणे वेगवेगळं ठेवा, कारण एकदा मिसळलेला तांबडा परत निघत नाही. उरलेला गोळा तसाच ठेवलात तर पुढच्या वेळी मधोमध गरम व्हायला दहा मिनिटं लागतील. म्हणून तो कोमट असतानाच पापडाएवढा पातळ लाटा, कात्रीने पट्ट्या करा, कोरड्या बरणीत भरा आणि झाकणावर वजन लिहून ठेवा.