नॅनोवर स्केच चढत नाही? या चुका टाळा

अर्दुइनो नॅनो या छोट्या बोर्डावर स्केच, म्हणजे प्रोग्राम, चढवताना 'नॉट इन सिंक' हा एरर ओळीने दहा वेळा उमटला की नवशिके एकच निष्कर्ष काढतात: बोर्ड उडाला. मग आयडीई (स्केच लिहून चढवायचं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकायचा, तेही जमलं नाही की दुसरा नॅनो मागवायचा. बोर्ड क्वचितच उडालेला असतो.

पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. चार्जिंगच्या बऱ्याच केबलींत डेटाच्या तारा नसतात. पॉवरचा एलईडी मात्र लागतो, त्यामुळे संशय येत नाही. केबल ठीक असेल तर सीएच३४० (बोर्डावरची यूएसबीची चिप) चा ड्रायव्हर बघा. उबुंटू २२.०४ वर बीआरएलटीटीवाय हे पॅकेज ही चिप स्वतःकडे ओढून घेतं; ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर काढून टाका.

पोर्ट दिसतो, तरी सिंक होत नाही? आयडीईच्या मेनूत टूल्स, प्रोसेसर, 'ओल्ड बूटलोडर' निवडा. बूटलोडर म्हणजे नवं स्केच उतरवून घेणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्राम. जुना बूटलोडर ५७,६०० बॉडच्या वेगाने बोलतो, नवा १,१५,२०० च्या. स्वस्त क्लोनमध्ये जुनाच असण्याची शक्यता जास्त.

पण सगळ्यांत जास्त रात्री खाते ती ० आणि १ नंबरच्या पिनांची चूक. ब्लूटूथवर चालणारी गाडी, दुसऱ्या दिवशी सादरीकरण. एचसी-०५ या ब्लूटूथ मॉड्यूलची टीएक्स (पाठवणारी पिन) थेट नॅनोच्या आरएक्सला (घेणारी, ० नंबरची), कारण यूट्यूबवर तसंच दाखवलेलं. कोडमध्ये एक ओळ बदलायची होती, अपलोड होईना. बोर्ड बदलला, तोही 'मेला'. दोन्ही बोर्ड सुटे करून लावले तर पहिल्या फटक्यात चढले.

कारण साधं आहे. यूएसबीची चिप आणि ०, १ या पिना एकाच लाइनवर असतात. चिपचा सिग्नल १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून येतो, ब्लूटूथचा थेट. एचसी-०५ लाइन हाय धरून बसला की चिपला ती खाली ओढता येत नाही, आणि बूटलोडरपर्यंत काही पोचत नाही. दर अपलोडला वायर उपसणं हा उपाय नव्हे, आळस आहे. मॉड्यूल १० आणि ११ वर न्या, सॉफ्टवेअरसीरियल (साध्या पिनांवर सीरियल चालवणारी लायब्ररी) ९,६०० वर चालवा. एचसी-०५ च्या आरएक्सला १ आणि २ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी) द्या. ती पिन ३.३ व्होल्टची आहे.

सीरियल मॉनिटर दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवून 'ॲक्सेस डिनाइड' का येतं, हे विचारू नका; पोर्ट तोच अडवून बसलेला असतो.

तरीही अडलं तर लूपबॅक करा: सगळं सुटं करा, रीसेट ग्राउंडला जोडा, टीएक्स-आरएक्समध्ये एक जंपर टाका, सीरियल मॉनिटरवर काहीही टाइप करून पाठवा. तेच परत आलं तर केबल, ड्रायव्हर आणि चिप तिघंही निर्दोष. आता जंपर आणि रीसेट-ग्राउंडची वायर दोन्ही काढून रीसेट दाबा. १३ नंबरचा एलईडी लुकलुकलाच नाही, तर बहुधा बूटलोडर गेलाय. अर्दुइनो ऊनो या दुसऱ्या बोर्डावर 'अर्दुइनो आयएसपी' स्केच चढवा (त्याने ऊनो प्रोग्रामर बनतो), त्यानंतरच ऊनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लस रीसेटकडे. ११, १२, १३ समोरासमोर, ऊनोची १० नॅनोच्या रीसेटला, ५ व्होल्ट आणि ग्राउंड. मग 'बर्न बूटलोडर'.