कामावरून आल्यावर काहीच करावंसं वाटत नाही, तेव्हा

कामावर सगळं उरकतं, पण घरी आलं की अंगात त्राण राहत नाही आणि सुट्टीचे दिवसही लोळण्यात जातात. महिना-महिना असं चाललं असेल तर आळशी म्हणून स्वतःला बोल लावू नका. आधी रक्त, मग झोप आणि शेवटी वेळापत्रक, या क्रमाने पाहा. हिमोग्लोबिन ९ असताना पहाटे पळायला जायचा निश्चय चार दिवसांत मोडतो, वर अपराधीपणा पदरी पडतो.

डॉक्टरांना विचारून सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईड), बी१२, ड जीवनसत्त्व आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) या रक्ततपासण्या करून घ्या. हिमोग्लोबिन बाईचं १२च्या आणि पुरुषाचं १३च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना तो होता. फेरिटिन आवर्जून मागा, कारण शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी१२ कमी असण्याची शक्यता जास्त. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधीच सांगा, त्याने थायरॉईडचे आकडे चुकतात.

लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौच काळी होते, घाबरू नका. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो: थोडं बरं वाटलं की गोळ्या बंद! हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने त्या चालू ठेवाव्या लागतात.

झोप किमान सात तास हवी. कॅफिन निम्मं उतरायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं अकरालाही अंगात असतं. जोरात घोरणं, सकाळी डोकं दुखणं, बसल्याजागी डुलकी लागणं, अशी लक्षणं असतील तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्या. एकच्या डब्यानंतर थेट साडेनऊला जेवत असाल तर निघण्याआधी मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा एक केळं खा.

आता संध्याकाळ. इच्छा झाली की उठू, असं म्हणून थांबलात तर ती येत नाही. बहुतेकदा हात लावल्यावर येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात नैराश्यासाठी याच तत्त्वावर उपचार उभा केला. आठवडाभर वहीत वेळ, काय केलं आणि त्यानंतर तरतरी ० ते १० पैकी किती, एवढंच लिहा. रील्स पाहिल्यावरचा आकडा आणि मैत्रिणीशी बोलल्यावरचा आकडा शेजारी दिसले की काय निवडायचं ते कळतं. त्यातल्या दोन गोष्टी घ्या, प्रत्येकी दहा मिनिटं. एक तरी निव्वळ आवडीची हवी. नुसती कपाटं आवरायची ठरवलीत तर टिकणार नाही. वेळ ठरवा ती पलंगाला पाठ टेकण्याआधीची: बूट न काढता सोसायटीला दोन फेऱ्या, किंवा हार्मोनियम आधीच उघडून ठेवून स्वरांचा एक अलंकार. उत्साहाच्या दिवशीही दहाच मिनिटं. त्या दिवशी दोन तास केलेत तर पुढचे दोन दिवस आडवे जातात. वाढवायचं ते आठवड्याने, पाच मिनिटं. मात्र थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी प्रकृती खालावत असेल, विशेषतः कोविडसारख्या आजारानंतर, तर रेटू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरी आल्यावर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधं एकाच बाईवर असतील, तर तिला इच्छाशक्तीचे धडे देऊ नयेत. तिच्या कामातला एक अख्खा वाटा दुसऱ्याने उचलावा. उदाहरणार्थ रात्रीची भांडी आणि ओटा, तिने आठवण न करता.

दोन आठवडे कशातच गोडी वाटत नसेल किंवा मन सतत उदास असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि ते उपचारांनी बरं होतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जगू नये असं मनात येत असेल तर फोन आजच करा, आणि घरातल्या एकाला जवळ बसवून करा.